नऊ वर्षे चाललेली आठवड्याची गोळी आणि मांडीच्या हाडातला तडा: एक प्रकरण अभ्यास

ओळख पटेल असे तपशील काढून हे प्रकरण मांडले आहे. हाडे ठिसूळ होण्यावरचे औषध किती वर्षे घ्यायचे आणि ते थांबवायचे कोणी ठरवायचे, या दोन प्रश्नांभोवती ते फिरते.

पार्श्वभूमी

औषध सुरू झाले तेव्हा या बाई ६४ वर्षांच्या होत्या. घरातच पाय घसरून त्या हातावर पडल्या आणि मनगट मोडले. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले तर या वयात त्याला निव्वळ अपघात म्हणून सोडून द्यायचे नसते. इथे ते सोडले गेले नाही. महिन्याभरात डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झाली. टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी हे सांगणारे आकडे, असे आले (उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे हाडे ठिसूळ): कमरेचे मणके उणे २.९, मांडीच्या हाडाची मान उणे २.६, संपूर्ण डावा खुबा उणे २.२. उंची १४८ सेंटीमीटर, वजन ६१ किलो. दम्यासाठी वर्षातून दोन-तीनदा प्रेडनिसोलोनचा आठवड्याभराचा कोर्स व्हायचा आणि आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल रोज चालू होते. या दोन औषधांकडे तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे ती महत्त्वाची ठरली.

अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, असे औषध सुरू झाले. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व होते. गोळी घेण्याची पद्धत बाईंना नीट समजावली होती आणि त्यांनी ती काटेकोर पाळली. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची, नंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, आणि तोवर दुसरे काही खायचे-प्यायचे नाही. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर अ‍ॅलेंड्रोनेट आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही, म्हणून कॅल्शियम दुपारी. तिसऱ्या वर्षी पुन्हा डेक्सा झाली. मणके उणे २.४, मान उणे २.२. नवे कोणतेही हाड मोडले नव्हते. औषधाने त्याचे काम चोख केले होते.

पाचवे वर्ष: न घेतलेला निर्णय

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा म्हणजे औषधाचे पाचवे वर्ष, आणि त्या वर्षी काहीही घडले नाही. दर तीन महिन्यांनी जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या जात. चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर मध्ये बदलले. नव्या डॉक्टरांनी आधीच्यांचे औषध पुढे चालू ठेवले. औषध चुकत नव्हते, त्रास होत नव्हता, मग विषय निघणार कसा?

अ‍ॅलेंड्रोनेट बिस्फॉस्फोनेट गटातले आहे. ते हाडातल्या खनिजाला चिकटून बसते आणि हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना थोपवते. एकदा हाडात साठले की ते वर्षानुवर्षे तिथेच राहते. हाडातला त्याचा अर्धायुकाल, म्हणजे साठा निम्मा व्हायला लागणारा काळ, दहा वर्षांहून जास्त धरला जातो. रक्तदाबाची गोळी बंद केली तर तिचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. या गोळीचे तसे नाही, म्हणूनच ठरावीक काळानंतर तिला विराम देता येतो.

फ्लेक्स नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे पाच वर्षे अ‍ॅलेंड्रोनेट घेतलेल्या स्त्रियांपैकी काहींना पुढची पाच वर्षे तेच औषध दिले, काहींना नकली गोळी. औषध चालू ठेवलेल्यांत त्रास देणारे मणक्यांचे फ्रॅक्चर २.४ टक्क्यांना झाले, थांबवलेल्यांत ५.३ टक्क्यांना. मणके सोडून इतर हाडांच्या फ्रॅक्चरमध्ये फरक दिसला नाही, दोन्ही गटांत ते १९ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे औषध थांबवणे फुकटात पडत नाही. पण ती किंमत मुख्यतः मणक्यांपुरती आहे आणि ज्यांचा धोका मुळात जास्त त्यांनाच ती मोजावी लागते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या हाडे व खनिज संशोधन संस्थेच्या कार्यगटाने सुचवलेली वाट अशी: तोंडी गोळी पाच वर्षे किंवा शिरेतले झोलेड्रोनिक आम्ल तीन वर्षे झाली की फेरविचार करायचा. खुबा किंवा मणका मोडलेला असेल, औषध चालू असताना हाड मोडले असेल, खुब्याचा टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याखाली असेल किंवा वय बरेच असेल, तर औषध पुढे न्यायचे. गोळी कमाल दहा वर्षांपर्यंत, इंजेक्शन सहापर्यंत. बाकीच्यांना दोन-तीन वर्षांचा विराम द्यायचा आणि त्या काळात लक्ष ठेवायचे.

या बाईंना हे निकष लावून पाहू. वय ६९, खुबा किंवा मणका मोडलेला नाही, मानेचा टी-स्कोर उणे २.५ च्या वर. विरामासाठी त्या योग्य होत्या. विरोधात जाणारी एकच गोष्ट म्हणजे अधूनमधून घेतलेले प्रेडनिसोलोन, कारण स्टेरॉइडने हाड मोडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे कोणी विचार करून 'आणखी दोन वर्षे चालू ठेवू' म्हटले असते तरी ते चूक ठरले नसते. पण इथे कोणी ठरवलेच नाही.

मांडीतले दुखणे

नववे वर्ष संपत आले तेव्हा उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, ठणका सुरू झाला. बसून उठले की पहिल्या काही पावलांना जास्त, जिना चढताना हमखास, आडवे झाले की जवळजवळ नाही. पडणे, मार लागणे, मुरगळणे असे काहीही झाले नव्हते.

पहिल्यांदा कमरेचा एक्स-रे झाला. ७३ व्या वर्षी मणक्यांची झीज दिसणारच, ती दिसली आणि दुखण्याचा दोष तिच्यावर गेला. सहा आठवडे कमरेचे व्यायाम झाले. मग गुडघ्याचा एक्स-रे झाला, तिथेही वयानुसार झीज. पुढे ओटीपोटाचा एक्स-रे काढला गेला, ज्यात दोन्ही खुबे दिसतात. अहवाल आला, 'खुब्याचे सांधे ठीक.' तो अहवाल खरा होता. अडचण अशी की त्या फिल्मची खालची कड मांडीच्या हाडाच्या छोट्या उंचवट्याच्या जरा खाली संपत होती आणि दुखणारी जागा त्याच्या सात-आठ सेंटीमीटर खाली होती. गुडघ्याच्या फिल्ममध्ये हाडाचा खालचा भाग आला, ओटीपोटाच्या फिल्ममध्ये वरचा. मधली नळी कोणत्याच फिल्ममध्ये नव्हती.

यात पाच महिने गेले. गोळी चालूच होती.

निदान

शेवटी एका तपासणीत तीन साध्या गोष्टी झाल्या. कमरेतून येणाऱ्या मज्जातंतूच्या दुखण्यात पाय सरळ उचलला की कळ येते. ती आली नाही, मुंग्या किंवा बधिरपणाही नव्हता. मांडीच्या बाहेरच्या बाजूने हाडावर बोटाने दाबत खाली आल्यावर एका ठरावीक जागी बाई दचकल्या. खुर्चीवर बसवून मांडीखाली टेकू म्हणून हात धरला आणि गुडघा हलकेच खाली दाबला, तेव्हा नेमकी तीच कळ आली. मग औषधांची यादी विचारली गेली, प्रत्येक औषध किती वर्षांपासून चालू आहे यासह.

खुब्यापासून गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीचे एक्स-रे समोरून आणि बाजूने, दोन्ही पायांचे काढले. उजव्या हाडाच्या बाहेरच्या भिंतीवर एका जागी चोचीसारखा उंचवटा होता आणि त्यातून आत जाणारी आडवी काळी रेघ, भिंतीच्या साधारण अर्ध्या जाडीपर्यंत. डाव्या हाडावर जवळजवळ त्याच उंचीला छोटा उंचवटा होता, रेघ नव्हती. एमआरआयमध्ये उजवीकडे रेघेभोवती हाडाच्या मगजात सूज दिसली, डावीकडे नाही.

हे मांडीच्या हाडाचे असामान्य फ्रॅक्चर, अपूर्ण अवस्थेतले. नेहमीचे ठिसूळ हाडाचे फ्रॅक्चर खुब्याजवळ, मानेत होते. हे नळीत होते. उभे राहिल्यावर मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या भिंतीवर ताण येतो आणि तिथे सूक्ष्म चिरा पडतच असतात. एरवी ऑस्टिओक्लास्ट जुने हाड काढतात, मागोमाग नवे भरले जाते आणि चिरा बुजतात. हे काम वर्षानुवर्षे मंदावले की चिरा साठतात, एकमेकींना मिळतात आणि बाहेरून आत सरकणारा आडवा तडा तयार होतो. हाड पूर्ण तुटण्याआधी मांडीत किंवा जांघेत आठवडे ते महिने दुखणे, हे सुमारे ७० टक्के रुग्णांत आढळते. दुसऱ्या पायातही बदल असणे इतके नेहमीचे आहे की एकाच मांडीचा एक्स-रे ही अर्धीच तपासणी म्हणावी.

रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व १८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर, म्हणजे कमी. कॅल्शियम, पॅराथायरॉइड संप्रेरक आणि क्रिएटिनिन ठीक. अल्कलाइन फॉस्फेटेज मुद्दाम पाहिले. ते सतत कमी असेल तर हायपोफॉस्फेटेशिया या जन्मजात विकाराची शंका घ्यावी लागते. त्यातही मांडीच्या हाडाला असेच तडे जातात आणि उपचाराची दिशा बदलते. इथे ते मर्यादेत होते.

पर्याय आणि निर्णय

अ‍ॅलेंड्रोनेट त्याच दिवशी बंद झाले. यावर चर्चेची गरज नव्हती. स्वीडनमधल्या २०११ च्या अभ्यासात शेवटच्या गोळीनंतर या फ्रॅक्चरचा धोका दर वर्षी सुमारे ७० टक्क्यांनी घटताना दिसला होता. औषध हाडात राहते, तरी धोका इतक्या वेगाने उतरतो.

उजव्या पायासाठी दोन वाटा होत्या. पहिली, वॉकर घेऊन त्या पायावर कमीत कमी भार टाकायचा, दोन-तीन महिने थांबायचे आणि भरून येण्याची चिन्हे नसतील तर शस्त्रक्रिया. दुखणे अगदी कमी असेल आणि रेघ नसेल किंवा पुसट असेल तेव्हा ही वाट रास्त ठरते. दुसरी, हाड तुटण्याआधीच आत रॉड टाकायचा. इथे प्रत्येक पावलाला दुखत होते, रेघ स्पष्ट होती आणि मगजात सूज होती. असे हाड पलंगावरून उठतानाही पूर्ण तुटू शकते. तुटल्यावर शस्त्रक्रिया अवघड होते, भरून यायला वेळ लागतो आणि पडताना दुसरेही काही मोडण्याची भीती असते. आठवड्याभरात रॉड टाकायचे ठरले. तोवर वॉकर आणि जिना पूर्ण बंद.

शस्त्रक्रियेत दोन अडचणी आधीच हेरलेल्या होत्या. एक, हाड बाहेर आणि पुढे बाकदार होते आणि तयार रॉड त्याहून सरळ असतो. सरळ रॉड बाकदार नळीत रेटला तर त्याचे टोक गुडघ्याजवळ पुढच्या भिंतीवर घासते, किंवा ठोकतानाच हाड फुटते. दोन, भिंती जाड झाल्याने आतली पोकळी अरुंद होती. म्हणून पूर्ण लांबीच्या फिल्मवर बाक आणि पोकळीची रुंदी मोजून १० मिलिमीटरचा रॉड निवडला आणि पोकळी १२ पर्यंत कोरली. सावकाश, थांबत थांबत, कारण टणक हाडात घाईने कोरले तर ते तापते आणि भाजते. वरचा स्क्रू मानेतून खुब्याच्या गोळ्यात नेला. रॉड नुसता नळीत ठेवला असता तर ठिसूळ मान उघडी राहिली असती, आणि पुढे तीच मोडली असती तर पुन्हा शस्त्रक्रिया.

डाव्या पायात रॉड टाकायचा नाही असे ठरले. रेघ नाही, दुखणे नाही, सूज नाही. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी एक्स-रे काढायचा आणि मांडीत किंवा जांघेत नवे दुखणे आले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच यायचे.

पुढचे औषध

खरी ओढाताण इथे झाली. हाडे ठिसूळ होतीच, ती काही गोळी बंद केल्याने मजबूत होणार नव्हती.

सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन आधी सुचले. ते ऑस्टिओक्लास्टना आणखी जोरात थोपवते आणि त्याच्याबरोबरही असे तडे आढळले आहेत. नाकारले. झोलेड्रोनिक आम्ल त्याच गटातले, नाकारले. रॅलॉक्सिफीन मणक्यांना मदत करते, खुब्याला नाही, आणि पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवते. नुकतीच शस्त्रक्रिया होऊन हालचाल कमी असताना ते नको होते. रोमोसोझुमॅब या हाड बांधणाऱ्या इंजेक्शनच्या चाचण्यांतही असे तुरळक तडे नोंदले गेले आहेत, म्हणून तेही नाकारले.

टेरिपॅराटाइड निवडले. रोज २० मायक्रोग्रॅम, त्वचेखाली. ते नवे हाड घालणाऱ्या पेशींना चालना देते. तडा त्याने लवकर भरतो याचा पुरावा मोठ्या चाचण्यांतला नाही, छोट्या नोंदींचा आहे. त्यामुळे बाईंना सांगताना 'मणके मजबूत होतील हे नक्की, तडा भरायला मदत होईल अशी आशा' असेच सांगितले. हाडांना पूर्वी रेडिएशन दिलेले नाही, रक्तात कॅल्शियम जास्त नाही, हाडात कर्करोग नाही, हे तपासून आणि ड जीवनसत्त्व भरून काढून ते सुरू झाले. पहिले काही डोस बसून घ्यायचे, कारण उभे राहिल्यावर चक्कर येऊ शकते. पेन शीतकपाटात २ ते ८ अंशांत ठेवायचे आणि पहिल्या वापरापासून २८ दिवसांनी टाकून द्यायचे, आत औषध उरले असले तरी. कॅल्शियम तपासायचे तर शेवटच्या इंजेक्शननंतर किमान १६ तासांनी रक्त द्यायचे, नाहीतर आकडा खोटाच वर दिसतो.

बाईंनी विचारले, "गोळीनेच तडा गेला, तर मग ती घ्यायलाच नको होती का?" उत्तर आकड्यांतच देणे भाग होते. कॅलिफोर्नियातल्या १,९६,१२९ स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आशियाई वंशाच्या १०,००० स्त्रियांनी तीन वर्षे हे औषध घेतले तर खुब्याचे अंदाजे ९१ फ्रॅक्चर टळतात आणि औषधाशी जोडलेले असामान्य फ्रॅक्चर ८ जणींना होते. गोऱ्या स्त्रियांत हेच आकडे १४९ आणि २. म्हणजे सुरुवातीच्या वर्षांत हिशेब उघडच औषधाच्या बाजूचा आहे. पण त्याच अभ्यासात आठ वर्षांहून जास्त वापर झालेल्यांत असामान्य फ्रॅक्चरचा धोका तीन महिन्यांहून कमी वापर असलेल्यांच्या ४० पटींहून जास्त निघाला. कमी उंची, जास्त वजन आणि वर्षभर किंवा अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड यांनीही धोका वाढला. म्हणून औषध सुरू करणे बरोबर होते, आणि नवव्या वर्षी ते चालू असणे बरोबर नव्हते.

धाकट्या बहिणीचा प्रश्न

थोरल्या बहिणीचे पाहून ६८ वर्षांच्या धाकट्या बहिणीने आपले पुढचे इंजेक्शन चुकवायचे ठरवले. ते इंजेक्शन होते डेनोसुमॅबचे, तीन वर्षे चाललेले. हे इथे मुद्दाम लिहायचे कारण म्हणजे दोन्ही औषधे 'हाडांची' असली तरी थांबवण्याचे नियम अगदी उलट आहेत. डेनोसुमॅब हाडात साठत नाही. परिणाम ओसरला की झीज उसळी घेते, कमावलेली घनता वर्षा-दोन वर्षांत जाते आणि काहींचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. शेवटच्या इंजेक्शनपासून सात महिन्यांपुढे जाऊ द्यायचेच नाही. ते थांबवायचे तर सहा महिने पूर्ण होताच बिस्फॉस्फोनेट सुरू करून. बहिणीच्या मांडीत दुखत नव्हते. तिने ठरल्या तारखेला इंजेक्शन घेतले.

परिणाम

रॉड टाकल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून वॉकर घेऊन सोसेल तेवढा भार टाकू दिला. सहा आठवड्यांत मांडीतली कळ गेली. एक्स-रेवरची रेघ बुजायला मात्र दहा महिने लागले. डावीकडचा उंचवटा होता तसाच राहिला.

बाराव्या महिन्यात डेक्सामध्ये मणक्यांची घनता वाढली आणि खुब्याची दीड टक्क्याने घटली. घरचे घाबरले, औषध बदलायची मागणी झाली. बिस्फॉस्फोनेटनंतर टेरिपॅराटाइड दिले की खुब्यात सुरुवातीला अशी घट दिसणे अपेक्षित आहे. औषध बदलले नाही. चोविसाव्या महिन्यात मणके ७ टक्क्यांनी वर आणि खुबा पूर्वीच्या जागी. रॉड असलेल्या खुब्याची मोजणी निरुपयोगी असते, पण पहिल्यापासून डावा खुबाच मोजला जात असल्याने जुन्या आकड्यांशी तुलना करता आली.

प्रेडनिसोलोनचे कोर्स टाळण्यासाठी दम्याचे फवाऱ्याचे औषध नीट बसवले. पॅन्टोप्राझोलही हाडांना जपण्यासाठी हळूहळू बंद झाले. तोल सांभाळण्याचे व्यायाम, नवा चष्मा आणि रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दिवा या तिन्ही गोष्टी झाल्या.

टेरिपॅराटाइड थांबल्यावर कमावलेले हाड टिकवायला एरवी बिस्फॉस्फोनेट देतात. इथे ते देता येत नव्हते. सध्या औषध नाही. दर वर्षी डेक्सा त्याच यंत्रावर, मणक्यांचा बाजूने एक्स-रे आणि सीटीएक्स ही झिजेची रक्ततपासणी. खुब्याची घनता ५ टक्क्यांहून जास्त घटली किंवा मणका दबला तर टेरिपॅराटाइडचा दुसरा कोर्स विचारात येईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये दोन वर्षांची मर्यादा शिथिल केल्यापासून ही वाट मोकळी आहे.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या चिठ्ठीवरच 'पाच वर्षांनी फेरविचार' असे महिना आणि वर्षासह लिहिता आले असते. डॉक्टर बदलले, औषधाचे दुकान बदलले तरी चिठ्ठी बदलत नाही. विराम दिला असता तर त्यालाही शेवटची तारीख हवी होती. दोन-तीन वर्षांनी डेक्सा न करता विराम लांबत गेला तर तेही कोणी न घेतलेल्या निर्णयासारखेच होते.

आठवड्याची गोळी मिळाली तेव्हा बाईंना पोटाच्या त्रासाची सूचना मिळाली होती, मांडीच्या दुखण्याची नाही. अमेरिकेत २०१० पासून या औषधांच्या माहितीपत्रकात तो इशारा आहे. तो तोंडी सांगायला अर्धा मिनिट लागतो. दर भेटीत 'मांडीत किंवा जांघेत दुखते का' हा प्रश्न विचारला असता तर उत्तर पाच महिने आधी मिळाले असते.

एक्स-रेच्या विनंतीत 'खुबा दुखतो' लिहिले की खुब्याचीच फिल्म निघते. तीन वर्षांहून जास्त काळ अशी औषधे घेणाऱ्या बाईच्या मांडीत दुखत असेल तर विनंती अशी हवी: 'दोन्ही मांड्या, खुबा ते गुडघा, समोरून व बाजूने, बिस्फॉस्फोनेट अमुक वर्षे, बाहेरच्या भिंतीवर उंचवटा किंवा आडवी रेघ आहे का?' आणि फिल्म स्वच्छ आली पण दुखणे कायम असेल, तर पुढची पायरी एमआरआय. सुरुवातीच्या आठवड्यांत तडा साध्या एक्स-रेवर दिसेलच असे नाही.